पाढा मधूनच लागत नाही, बाई

“सात सक बेचाळीस” इथपर्यंत ती एका दमात आली होती. हात मागे बांधलेले, डोळे वर पत्र्याकडे, अंग तालावर डुलतंय. तेवढ्यात शाळेच्या फाटकाशी भंगारवाल्याचा टेम्पो आला आणि त्याच्या भोंग्यावरची ओळखीची आरोळी सुरू झाली. अख्खा वर्ग खिडकीकडे वळला. तीही वळली. टेम्पो पुढच्या आळीला गेला, मुलं जागेवर आली आणि मी म्हणाले, “हं, चालू दे पुढे.”

ती गप्प. ओठ हलले, थांबले. मग तिनं श्वास घेतला आणि सुरुवात केली, “सात एके सात, सात दुणे चौदा...”

“अगं, पहिल्यापासून कशाला? बेचाळीसपर्यंत आली होतीस की. त्याच्या पुढचं सांग.”

उलट उत्तर देणारी ती पोर नव्हती. मला समजावून सांगावं तशा सुरात म्हणाली, “पाढा मधूनच लागत नाही, बाई.”

मी फळ्यावर ४२ लिहिले, शेजारी ७ लिहिले आणि मध्ये अधिकचं चिन्ह काढलं. तिनं बोटं मोजून एकोणपन्नास सांगितले. “आता पाढा पुढे म्हण.” ती पुन्हा सात एकेपासूनच निघाली. “सात साती एकोणपन्नास” म्हणताना, आत्ताच बोटांवर आलेले एकोणपन्नास ते हेच, असं तिच्या चेहऱ्यावर कुठं दिसलं नाही. तिच्या लेखी ती बेरीज होती आणि हा पाढा होता. दोघांचा एकमेकांशी संबंध नव्हता.

तिसरीच्या वर्गातली ही माझी सगळ्यात हुशार मुलगी. बारापर्यंतचे पाढे न अडखळता म्हणायची. शाळेत तपासणीला साहेब आले की मी तिलाच उभी करायचे. त्या दिवशी घरी जाताना माझ्या लक्षात आलं की मी तिला गाणं शिकवलं होतं. गाणं मध्ये तुटलं की पहिल्यापासूनच धरावं लागतं. चूक तिची नव्हती.

जुन्नर तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये मी वीसेक वर्षं शिकवते आहे. बहुतेक शाळा द्विशिक्षकी. एका खोलीत दोन वर्ग, एका फळ्याचे दोन भाग. तिसरीला वजाबाकी देऊन चौथीकडे वळायचं आणि चौथीला भागाकार देऊन तिसरीकडे. अशा शाळेत पाढे ही मोठी सोय असते. एका वर्गाला मोठ्यानं पाढे म्हणायला लावले की दुसऱ्या वर्गाला शिकवता येतं, आणि बाहेरून जाणाऱ्यालाही वाटतं, शाळा चालू आहे.

पाढे मला स्वतःला लहानपणी फार आवडायचे. दिवेलागणीला शुभंकरोती झाली की ओसरीवर पाढे. आमच्या आजोबांना तीसपर्यंतचे पाढे तर यायचेच, वर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकीही यायची. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. हे काही शोभेसाठी नव्हतं. रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे चार पैसे होते तोवर पाव, अर्धा, पाऊण हा रोजचा बाजारहिशेब होता. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली आणि हळूहळू पावकी-दिडकी शाळेतून उठली. पूर्ण आकड्यांचे पाढे राहिले आणि ते शिकवायची रीतही तीच राहिली: आधी म्हणा, कळायचं तेव्हा कळेल. न म्हणणाऱ्याला चौदावं रत्न. मीही सुरुवातीची कित्येक वर्षं तेच केलं. छडी कधी वापरली नाही असं म्हणायला मला आवडलं असतं, पण पहिल्या दोन वर्षांत तीही वापरली.

भंगारवाल्याच्या त्या टेम्पोनंतर मी पाढे काही दिवस बंद ठेवले आणि पुस्तकातल्या ज्या पानांवरून दोन तासांत पुढे जायचे, त्या पानांवर परत आले. तिथला धडा टप्प्यानं मोजण्याचा. दोनच्या टप्प्यानं, पाचच्या, दहाच्या. अशा मोजण्यात येणाऱ्या संख्यांना पुढच्या इयत्तेत ‘विभाज्य’ असं भारदस्त नाव मिळतं आणि मुलांना वाटतं काहीतरी नवीनच आलं.

सुरुवात चिंचोक्यांनी केली. तीन-तीनचे ढीग लावायचे आणि ढिगामागून ढीग मोजत जायचं. हे सोपं गेलं. मग व्हरांड्यावर खडूनं लांबच लांब पट्टी आखली, शून्यापासून पन्नासपर्यंत घरं केली आणि म्हटलं, शून्यावर उभे राहा, तीन-तीनच्या उड्या मारा. पोरं खूश. लंगडीचा तास समजून एकेक जण धावला.

पहिला मुलगा शून्यावर उभा राहिला आणि उडी मारून दोनवर गेला. तिथून चारवर. तिथून सहावर. मी म्हटलं, “अरे, तीनच्या उड्या.” तो म्हणाला, “तीनच्याच मारतोय.” मी जवळ जाऊन त्याच्या ओठांकडे पाहिलं. तो उभा होता त्या घराला बोट दाखवून ‘एक’ म्हणत होता, पुढच्याला ‘दोन’, त्याच्या पुढच्याला ‘तीन’, आणि तिथं उडी. वर्गातली निम्मी मुलं तसंच करत होती. इतक्या जणांची एकच चूक होते तेव्हा ती हलगर्जी नसते. तिला कुठूनतरी आधार असतो.

तो आधार सापडला शाळेच्या भिंतीवरच्या कालनिर्णयात. आमच्या गावचा बाजार गुरुवारचा. त्या महिन्यात गुरुवार ६ तारखेला होता. मी सहज विचारलं, “पुढचा बाजार कधी?” एक मुलगी म्हणाली, “आठ दिवसांनी.” “म्हणजे किती तारखेला?” तिनं ६ आणि ८ मिळवले. “चौदाला.” मी म्हटलं, जाऊन बघ. तिनं कालनिर्णयावर बोट ठेवलं. १४ तारखेला शुक्रवार.

ती गोंधळली आणि तिच्याबरोबर मीही थोडी. कारण आपण सगळेच म्हणतो, आठ दिवसांनी ये. आठवडा या शब्दातच आठ आहेत आणि दिवस मात्र सात. आपली माणसं आजचा दिवस धरून मोजतात. या गुरुवारपासून पुढच्या गुरुवारपर्यंत, दोन्ही गुरुवार धरले तर आठ होतात. दोन आठवड्यांना आपण पंधरा दिवस म्हणतो तेही त्याच हिशेबानं: चौदा आणि आजचा एक. माझी मुलं व्हरांड्यावर जे करत होती ते घरात रोज ऐकलेलं मोजणं होतं. उभं असलेलं घर धरून.

मग त्यांना चुकलात म्हणून कसं सांगायचं? उपाय त्यांच्याच घरात मिळाला. धान्य मापताना आमच्याकडे पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नाहीत, ‘लाभ’ म्हणतात. लाभ, दोन, तीन, चार. मी त्या मुलाला विचारलं, “तुझी आजी लाभ कधी म्हणते? पोतं रिकामं असताना की माप ओतल्यावर?”

“ओतल्यावर.”

“मग शून्यावर उभा असताना तू माप ओतलंस का?”

त्यानं पायाखालच्या शून्याकडे पाहिलं. मग पुढच्या घरात पाय टाकून मोठ्यानं म्हणाला, “लाभ!” सगळा व्हरांडा हसला. पण त्यानंतर तो तीनवर गेला, सहावर गेला, नऊवर गेला. पुढे आठवडाभर वर्गात उड्या ‘लाभ’पासूनच मोजल्या गेल्या. मुलांना हे पटलं की मोजायची असते ती उडी. उभं राहायची जागा नव्हे.

कालनिर्णय तिथंच सोडलं नाही. गुरुवारची ओळ फळ्यावर उतरवली: ६, १३, २०, २७. एकानं लगेच हरकत घेतली, “बाई, उड्या सातच्या आहेत, पण यातला एकही आकडा सातच्या पाढ्यात नाही.” बरोबर होतं. टप्पा सातचा, पण निघालो सहावरून. पाढ्यातले आकडे मिळायला शून्यावरून निघावं लागतं. टप्पा आणि विभाज्य यांतला फरक मला व्याख्येनं कधी नीट सांगता आला नव्हता. तो बाजाराच्या वारानं सांगितला. “कुठल्या महिन्यात गुरुवारी सातचा पाढा येईल?” असं विचारलं तेव्हा पोरांनी कालनिर्णयाची पानं उलटून उलटून फाडायची बाकी ठेवली. शेवटी नियम त्यांनीच काढला: एक तारखेला शुक्रवार असेल त्या महिन्यात.

इथं एक कबुली द्यायला हवी. उड्यांचा खेळ फार गोड दिसतो, पण पहिल्या आठवड्यात बऱ्याच मुलांना त्यातून काहीही मिळालं नव्हतं. ती उडी मारताना मधली घरं मनात एकेक करून मोजत होती. पाय तीनच्या टप्प्यानं चालले होते, डोकं एकेकच्या. फरक पडला तो मी मधल्या घरांतले आकडे पुसून टाकले तेव्हा. आता उडी मारण्याआधी सांगावं लागे, कुठं पडणार ते. “नऊवर आहे, बारावर पडणार.” आधी बोलायचं, मग उडायचं. चुकलं तर तिथला आकडा खडूनं लिहून बघायचा. या बोलण्यात वेळ गेला, गोंगाट कमी झाला आणि शिकणं सुरू झालं.

आपल्या भाषेतलं एक अवघड वळणही याच वाटेवर लागतं. अठ्ठावीस आणि पस्तीस ऐकून त्यांच्यामध्ये सातचं अंतर आहे हे कानाला कळत नाही. दहाच्या उड्या पाचपासून मारून पाहा: पाच, पंधरा, पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस, पंचावन्न, पासष्ट, पंच्याहत्तर. आकडा लिहिला तर पाच प्रत्येक वेळी तिथंच उभा असतो. म्हटला तर कधी पंच, कधी पस, कधी पंचे, कधी पास. शिवाय आपण एकक आधी म्हणतो आणि दशक मागाहून, आणि लिहितो त्याच्या उलट. त्यात एकोणतीस, एकोणचाळीस. एकानं उणे तीस, म्हणजे म्हणताना चक्क वजाबाकी. माझ्या वर्गातला एक जण नव्व्याण्णवला ‘एकोणशंभर’ म्हणाला होता. सगळे हसले, पण नियम त्यालाच कळला होता.

२०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘तीस पाच’ अशी वाचायची रीत दिली आणि महाराष्ट्रभर गदारोळ झाला. गणित विषय समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. जुनी नावं काढून टाकलेली नाहीत, मुलांना सोपं जावं म्हणून जोडीला ही रीत दिली आहे, हे त्यांनी परोपरीनं सांगितलं. दूरचित्रवाणीवर विनोद झाले, विधानसभेत टोमणे झाले. त्या गदारोळात वर्गात काय घडतं हे फारसं कुणी विचारलं नाही. माझा अनुभव असा: ‘वीस आठ, त्यात सात, तीस पाच’ असं म्हणताना मुलाला उडी दिसते. उडी दिसली की मग ‘पस्तीस’ म्हणायला त्याला कष्ट पडत नाहीत. त्रेसष्ट, चौऱ्याहत्तर, सत्त्याऐंशी ही नावं मला प्राणप्रिय आहेत आणि ती मी सोडणार नाही. पण वाट नवी असते तेव्हा हातात काठी असली तर बिघडत नाही.

आमचा भाग टोमॅटोचा. हंगामात नारायणगावच्या बाजाराकडे पिकअप गाड्यांची रांग लागते. वर्गात एक मुलगा होता, गणितात कच्चा म्हणून मीच त्याच्या नावापुढे खूण केलेली. वीस गुणिले तेरा फळ्यावर लिहिलं की तो वहीत तोंड खुपसायचा. एका सोमवारी तो उशिरा आला. रात्री क्रेट भरायला होता म्हणाला. मी विचारलं, किती क्रेट गेले? “तेरा.” क्रेट वीस किलोचा. “म्हणजे किती माल?”

“दोनशे साठ.” पापणी लवायच्या आत.

“कसं काढलंस?”

“पाच क्रेटचे शंभर. दहाचे दोनशे. वर तीन राहिले, वीस, चाळीस, साठ.”

मी फळ्यावर पुन्हा २० × १३ लिहिलं. त्याचा चेहरा पुन्हा वहीत जायला निघाला. मी त्या आकड्यांखाली क्रेटची चित्रं काढली, पाच-पाचच्या थप्प्या लावल्या. तो बघत राहिला आणि म्हणाला, “हे तेच हाय व्हय?”

हो, तेच होतं. त्याला वीसचा पाढा पाठ नव्हता, पण त्या पाढ्यातून तो रोज ये-जा करत होता. त्यानं तर शंभरावर विसाव्याची जागाही ठेवली होती. उलट माझी ती हुशार मुलगी सगळा पाढा पाठ असून त्यात कुठंच थांबू शकत नव्हती. दोघांना मी एका बाकावर बसवलं. पुढचे दोन महिने तो तिला मध्ये कसं थांबायचं ते शिकवत होता आणि ती त्याला नावं शिकवत होती. मी फक्त बाक हलवला होता.

चौथीत गेल्यावर याच मुलांना एक फळी दिली. गावातल्या सुताराकडून लाकडाच्या तुकड्यावर गोलाकार दहा चुका मारून आणल्या. “दहाच चुका पुरतील का, बाई? तुमच्या पोरांना जास्त लागतील,” तो म्हणाला. प्रत्येक चुकेजवळ शून्य ते नऊ आकडे लिहिले आणि मुलांच्या हातात लोकरीचा गुंडा दिला. पाढ्यातल्या आकड्याचा फक्त एकक बघायचा आणि दोरा त्या चुकेला गुंडाळायचा.

पाचचा पाढा घेतला: शून्य, पाच, शून्य, पाच. एक सरळ रेघ. मुलं हिरमुसली. दोनचा घेतला: पाच बाजूंची आकृती. चारचा घेतला आणि शून्य, चार, आठ, दोन, सहा, शून्य असा दोरा फिरून लखलखीत पाच टोकांची चांदणी तयार झाली. वर्ग ओरडला. मग तीनचा: शून्य, तीन, सहा, नऊ, दोन, पाच, आठ, एक, चार, सात आणि परत शून्य. एकही चूक सुटली नाही. दहा टोकांची चांदणी.

सातच्या पाढ्याला वेगळी चांदणी येईल अशी सगळ्यांची खात्री. शून्य, सात, चार, एक, आठ, पाच, दोन, नऊ, सहा, तीन, शून्य. दोरा बांधून झाला आणि एक मुलगी दोन्ही फळ्या शेजारी ठेवून कितीतरी वेळ बघत बसली. “बाई, ही तीच आहे.” मी म्हटलं, का बरं? तिला सांगता येईना. तिनं सातच्या फळीवरचा दोरा सोडायला घेतला, शेवटाकडून. शून्य, तीन, सहा, नऊ... आणि थांबली. “सात उलटा चालला की तीन होतो!” दहा चुकांच्या गोलात सात घरं पुढे जाणं आणि तीन घरं मागे येणं एकच. लगेच बाकीच्या जोड्या निघाल्या: चार आणि सहा, दोन आणि आठ, एक आणि नऊ. पाचला जोडीदार नाही, तो स्वतःच स्वतःचा. एवढं सगळं पाढ्यांच्या पोटात होतं. मी लहानपणापासून पाढे म्हणत आले, मला ते चाळिशीत एका दहा वर्षांच्या मुलीकडून कळलं.

दुसरा एक खेळ आवाजाचा. वर्गाचे दोन गट. सगळे मिळून एक, दोन, तीन मोजायचं. एका गटानं दोनच्या टप्प्यावर टाळी द्यायची, दुसऱ्यानं तीनच्या टप्प्यावर पाय आपटायचा. सहाला टाळी आणि पाय एकदम. बाराला एकदम, अठराला एकदम. दोन त्रिक सहा, म्हणून सहाला भेटतात, असा नियम मुलांनी झटक्यात काढला. मग मी चार आणि सहा दिले आणि विचारलं, आता कुठं भेटाल? “चोवीसला! चार सक चोवीस!” वर्गाचं एकमत.

मोजायला सुरुवात झाली आणि बारालाच टाळी आणि पाय एकदम वाजले. भांडण लागलं. हा गट त्या गटाला म्हणतो तुम्ही चुकलात, तो गट याला. पुन्हा मोजलं, पुन्हा बारालाच. तिसऱ्यांदा मोजलं तेव्हा क्रेटवाला मुलगा म्हणाला, “चोवीसला भेटतातच की. पण बाराला आधीच भेटून घेतलं त्यांनी.”

पुढे मोठ्या वर्गात लसावि नावाचं प्रकरण येतं तेव्हा पोरांची पाचावर धारण बसते. लघुतम म्हणजे काय, सामाईक म्हणजे काय, विभाज्य म्हणजे काय, तीन शब्दांना तीनदा ठेच. आणि इथं एका पोरानं तिन्ही शब्द न वापरता तिन्ही गोष्टी एका वाक्यात सांगितल्या होत्या.

आता गावाची बाजू. चिंचोके, उड्या, दोरे असं सगळं चाललं असताना एका मुलीचे आजोबा काठी टेकत शाळेत आले. ओट्यावर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, “बाई, पाढे घ्यायचे बंद केले म्हणतात.” सुरात तक्रार कमी होती, काळजी जास्त. “आमच्या टायमाला गुरुजी अडीचकी घ्यायचे. अजून येती मला.”

मी म्हटलं, “आजोबा, सातची अडीचकी किती?”

“साडेसतरा.”

“आणि हे विसरलात समजा. मग?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. अडाणी प्रश्न असावा तसं हसले. “इसरायला काय झालं? साताचे दुप्पट चौदा, साताचं निम्मं साडेतीन. झाले साडेसतरा.”

मी तेवढंच शोधत होते. त्या जुन्या माणसांना पाढा पाठ होता हे खरं, पण विसरला तर परत यायची वाटही त्यांच्याजवळ होती. ती वाट त्यांना शाळेनं दिली की खळ्यानं, मापानं, बाजारानं दिली, कोण जाणे. आपण पाठांतर उचललं आणि वाट मागे राहिली. मी आजोबांना सांगितलं की पाढे कायमचे बंद नाहीत, दिवाळीनंतर रोज घेणार आहे. ते समाधानानं गेले आणि मी शब्द पाळला.

कारण पाठांतराशी माझं भांडण नाही. चौथीतलं मूल भागाकार करताना दर वेळी सात-सातच्या उड्या मारत बसलं तर त्याचा दम तिथंच संपेल आणि भागाकार राहून जाईल. पाढा शेवटी जिभेवर हवाच. फक्त तो चालून गेलेल्या वाटेचा हवा. आता मी रोज दहा मिनिटं पाढे घेते, पण कधीच एकेपासून नाही. आज अठ्ठावीसपासून पुढे, उद्या सत्तरपासून मागे. त्रेसष्ट, छप्पन्न, एकोणपन्नास, बेचाळीस. उतरताना मुलं सुरुवातीला धडपडतात, पण ज्याला उतरता येतं त्याला परत कुठूनही चढता येतं. एखादा अडला तर त्याला जवळचा ओळखीचा मुक्काम विचारते: पाचावर किती? दहावर किती? दहाला सत्तर, मग नवाला एक उडी मागे.

सातच्या पाढ्यात मध्येच अडलेली ती मुलगी चौथीत असताना साहेब आले. त्यांनी तिला विचारलं, “सात आठी?” ती थांबली. ओठ हलले नाहीत, फक्त नजर एकदा डावीकडे गेली. मग म्हणाली, “छप्पन्न.” तीन-चार सेकंद गेले असतील. साहेबांनी शेरा लिहिला, ‘पाढ्यांचा वेग वाढवावा.’ साहेब गेल्यावर मी तिला विचारलं, कशी आलीस? म्हणाली, “एकोणपन्नास माहीत होते. तिथनं एक उडी मारली.” शेरा वाचून मला वाईट वाटलं नाही. आदल्या वर्षी तिनं हेच उत्तर झटकन दिलं असतं, पण सात एकेपासून आठ पायऱ्या मनातल्या मनात धावत चढून.

पालकांना माझं एवढंच सांगणं आहे. संध्याकाळी पोराला पाढा म्हणायला बसवाल तेव्हा सुरुवात मधूनच करायला सांगा. एखाद्या दिवशी मागे मागे म्हणायला लावा. तो अडला तर घाई करू नका, उत्तर तर मुळीच सांगू नका. शेवटचा आकडा कोणता म्हणाला होतास, एवढंच विचारा आणि थोडं थांबा.